चौथी ओळ

निशिगंधा : डिलीट केलास? चुकून नाही, ठरवून?

नीरज : ठरवून. आणि आधी दार लाव, अख्ख्या मजल्याला ऐकू जातंय.

निशिगंधा : जाऊ दे. सगळ्या सिल्व्हर पार्कला कळू दे. दादा, तुझी पोरगी फोनवर इतकी रडत होती की तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी गॅसवरचा कुकर तसाच उतरवून भाईंदरहून रिक्षाने आलेय. मला वाटलं पडली-बिडली कुठे. आणि बघते तर काय, बापाने तिचा खेळ पुसलाय!

नीरज : खेळ म्हणायच्या लायकीचा होता का तो? महिनाभर स्टोरी मोडवर खेळतेय. राक्षस तुम्हाला मारतच नाही त्यात. नुसतं चालत राहायचं. आणि वर त्या खेळातली बाई सगळं वाचून दाखवते. पुढे गाव आहे, गावात म्हातारा आहे, म्हातारा हे म्हणाला, ते म्हणाला. तिला म्हटलं, अगं, तुला डोळे दिलेत ना? दहावीत आहेस ना तू?

निशिगंधा : तो मोड खेळ बनवणाऱ्यांनीच दिलाय. तिने चोरून नाही आणला.

नीरज : बनवणाऱ्यांनी वाट लावलीये यार त्याची! तू माझा व्हिडिओ बघितलास का? जुना 'सात पूल' आणि नवा 'सात पूल', कुठे काय बदललं, सगळं दाखवलंय मी. लोक वेडे झालेत बघून.

निशिगंधा : बघितला. आपण ती जपानी कॅसेट खेळायचो ते दिवस किती भारी, आणि आत्ताची पोरं किती फुसकी. हेच पंधरा मिनिटं सांगितलंयस.

नीरज : खोटं आहे का? सांग ना. पाचव्या पुलावरचा तो तीन तोंडांचा राक्षस एका फटक्यात लाइफचे साठ पॉइंट घ्यायचा. आपल्याकडे असायचे नव्वद. दोन फटके, खल्लास. नव्यात किती घेतो? तीन-चार! गुदगुल्या करतो साला. हा काय गेम झाला? आणि आपल्याला तर सेव्ह पण नव्हता.

निशिगंधा : कॅसेटमधला सेल मेलेला होता म्हणून नव्हता.

नीरज : कशाने का असेना, नव्हता ना? गेमचा डब्बा बंद केला की सगळं पहिल्यापासून. म्हणून आपण तो बंदच करायचो नाही. टीव्ही बंद, डब्बा चालू. लाइट गेली की पपांनी काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून आणलेली ट्रकची बॅटरी. बाल्कनीतून वायर आत घेतलेली. आई जाता-येता डब्ब्याला हात लावून बघायची, फार तापला तर पुठ्ठ्याने वारा घालायची. हे असं खेळलोय आपण. आणि माझी पोरगी सोफ्यावर लोळून गोष्ट ऐकणार?

निशिगंधा : आणि आईचा झाडू त्या वायरीत अडकला, ते सांगितलंस का व्हिडिओत?

नीरज : त्याचं काय आता?

निशिगंधा : सगळा खेळ गेला होता. तू दोन दिवस जेवला नाहीस. आईशी आठवडाभर बोलला नाहीस. ती बिचारी वाटीत शिरा घेऊन तुझ्या मागेमागे फिरत होती. तिचा तर झाडू चुकून लागला होता, दादा. तू बटण दाबलंस. तिच्या डोळ्यांसमोर.

नीरज : तिच्या भल्यासाठी दाबलं.

निशिगंधा : पपांचा फॅनबेल्ट पण भल्यासाठीच होता ना?

नीरज : पपांना मध्ये आणू नकोस.

निशिगंधा : आणणार. चांगली आणणार. मी काय फक्त खेळासाठी आलेय असं वाटतं तुला? तो कागद कुठे आहे?

नीरज : कुठला?

निशिगंधा : बोर्डाच्या सवलतीचा. वहिनीने सही केलीये, तुझी राहिलीये. शाळेला दोघांची लागते आणि उद्या शेवटचा दिवस आहे. दोन आठवडे तो कागद टीव्हीखाली पडलाय. तुझ्या त्या कॅसेटवर कधी धूळ दिसत नाही मला, या कागदावर साचलीये.

नीरज : मृणालिनीने भरले ना तुझे कान? मी तिला पण सांगितलंय. मला नाही पटत.

निशिगंधा : काय नाही पटत? तिला वाचायला त्रास होतो. तपासणी झालीये. डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी रजा टाकून तिला घेऊन बसले होते त्या रांगेत, कारण तुला गोडाऊनमधून निघता येत नव्हतं. पेपरला थोडा जास्त वेळ मिळेल, प्रश्न वाचून दाखवायला कोणी मिळेल. बस, एवढंच. उत्तरं तीच लिहिणार आहे.

नीरज : म्हणजे स्टोरी मोड.

निशिगंधा : काय म्हणालास?

नीरज : तेच म्हणतोय मी. इथे पण वाचून दाखवणारी बाई, तिथे पण वाचून दाखवणारी बाई. उद्या नोकरीत कोण दाखवणार? नवऱ्याच्या घरी कोण दाखवणार? जगात कोणी मोड बदलून देत नाही निशू. मला कोणी दिला? झालोच ना पास?

निशिगंधा : दुसऱ्यांदा.

नीरज : झालो ना पण!

निशिगंधा : पहिल्यांदा इंग्रजी आणि इतिहास उडाले. त्या रात्री मी मोरीत तोंड दाबून बसले होते, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. तुझ्या पाठीवर कितीतरी दिवस पट्टे होते. आणि तू मला सांगतोस, झालो ना!

नीरज : मारलं म्हणून झालो. पपांनी लाड केले असते तर आज कुठेतरी हमाली करत असतो.

निशिगंधा : लाड पण केले की. त्याच माणसाने मारलं आणि त्याच माणसाने रात्री लाइट गेल्यावर अंधारात बॅटरी जोडून दिली. तू त्यातलं नेमकं मारणंच उचललंस?

नीरज : तू ना... तू कायम अभ्यासात पहिली. तुला नाही कळणार. कठीण असतं तेव्हाच माणूस घडतो. थांब, तुला दाखवतोच. तो बघ, जुना टीव्ही त्या कॅसेटसाठीच ठेवलाय. मोबाईलवाल्या रोशनकडून कॅसेटमध्ये नवा सेल बसवून घेतलाय, आता सेव्ह पण होतो. व्हिडिओसाठी परत पाचव्या पुलापर्यंत आणलाय गेम. खेळ तू. बघू तुझी हिंमत.

निशिगंधा : लाव. मी घाबरते का?

(जुन्या टीव्हीवर खेळाचं संगीत वाजू लागतं. बेडरूमच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज.)

नीरज : धर रिमोट. मेनू आठवतोय?

निशिगंधा : न आठवायला काय झालं? कोपर, वेटोळं, दोन काड्या.

नीरज : औषध!

निशिगंधा : चौकोनवाली खानावळ. गळ आणि हसरं तोंड म्हणजे... काय रे ते?

नीरज : विहीर. तू ठेवली होतीस सगळी नावं. मला म्हणालीस, अक्षर नको बघू दादा, चित्र बघ.

निशिगंधा : ते नाही सांगितलंस व्हिडिओत. तिथे म्हणे, मी एकट्याने जपानी मेनू फोडला.

नीरज : अगं, बोलण्याच्या ओघात... समोर बघ! आला तो. मार, मार! बघ आता त्याचा फटका. गेले! साठ गेले. बघितलंस? आता अजून एक आणि तू मेलीस. हे बघ. मेलीस. कळलं? याला म्हणतात गेम. नव्यात यांनी त्याचे दातच काढून टाकलेत.

इशिता : दात काढले नाहीयेत.

नीरज : आलीस बाहेर? जेवून घे आधी.

इशिता : मला नकोय जेवण. बाबा, नव्यात पण तो तेवढंच मारतो. सेम. तू काही घातलंच नाहीयेस.

नीरज : काय नाही घातलं?

इशिता : तुझा माणूस बघ ना. अंगात साधा शर्ट आहे. ढाल नाही, चिलखत नाही, काही नाही. पाचव्या पुलावर असं कोण जातं?

नीरज : ए, शहाणी. सगळं घेतलंय मी. पिशवी उघड, निशू. दाखव तिला. ही बघ ढाल. हे चिलखत, दुसऱ्या गावातलं. हे शिरस्त्राण. ही तलवार. सगळ्यात महागडं घेतलंय.

इशिता : घेतलंयस. घातलं कुठेयस?

नीरज : पिशवीत आहे ना?

इशिता : पिशवीत ठेवून काय उपयोग? घालावं लागतं.

निशिगंधा : दादा, हेच सांगणार होते मी. सुट्टीत इशू माझ्याकडे होती तेव्हा मी नवा खेळून बघितला. मुद्दाम कठीण मोडवर लावला, तुला चिडवायला. आणि आरामात गेले रे मी त्या पुलावरून! मला कळेचना. मग लक्षात आलं, नव्यात दुकानदार ढाल दिल्यावर लगेच विचारतो, आत्ताच घालायची का? मी हो म्हणत गेले. आपल्या जपानी दुकानदाराने पण काहीतरी विचारलं असेल. आपल्याला काय कळतंय.

नीरज : असं असतं तर इतक्या वर्षांत कोणीतरी सांगितलं नसतं?

निशिगंधा : सांगितलं की. तुझ्या व्हिडिओखालीच आहे. भाई, आर्मर पहना है क्या? खाली शंभर लोक हसलेत.

नीरज : मी कमेंट वाचत नाही.

निशिगंधा : माहितीये मला.

नीरज : म्हणजे काय, माहितीये?

इशिता : आत्या, मेनू काढ. चौथी ओळ दाब.

नीरज : चौथी नाही! चौथीला हात नाही लावायचा!

इशिता : का?

नीरज : नाही लावायचा म्हणजे नाही लावायचा. आमच्या घरात नियम होता. पहिल्याच दिवशी मी चौथी ओळ दाबली आणि माणसाच्या हातातली काठी गेली. गायब. चौथी ओळ म्हणजे वस्तू फेकायची. आणि सेव्ह नाही, काही नाही. मग ठरवलं, चौथीला जो हात लावेल त्याचे हात तोडीन.

निशिगंधा : मला खरंच मारलं होतंस एकदा, नुसता बाण तिथे गेला म्हणून.

इशिता : फेकत नाही ती. काढते. काठी पिशवीत गेली असणार. परत दाबलं असतंस तर परत हातात आली असती.

नीरज : तुला जपानी येतं का?

इशिता : नाही. पण ऑर्डर सेम आहे. नव्यात पण चौथीच आहे. मी मेनू वाचत नाही, जागा लक्षात ठेवते. दाब आत्या.

निशिगंधा : दाबू का दादा?

नीरज : सेव्ह आहे ना आता... दाब.

इशिता : आता ढाल. हां. बाजूला ती छोटी खूण आली बघ. आता चिलखत. आता डोक्यावरचं. आता तलवार. झालं. जा पुलावर.

निशिगंधा : आला. मारतोय. दादा, किती गेले?

नीरज : तीन.

निशिगंधा : परत मारू दे त्याला. मी नुसती उभी राहते.

नीरज : चार.

निशिगंधा : हातात तलवार पण आलीये आता. हे घे. हे घे! पडला. अरे, पडला तो! दादा, आपण पुलापलीकडे आलो. आपण कधीच आलो नव्हतो इथे.

नीरज : बंद कर.

निशिगंधा : बघ तरी, केवढं गाव आहे. कंदील लावलेत सगळीकडे.

नीरज : बंद कर म्हणतोय ना! हसताय तुम्ही दोघी? मी लोकांना सांगत फिरलो. गोडाऊनमध्ये सांगितलं, पोरीला सांगितलं, कॅमेऱ्यासमोर बसून छाती ठोकून सांगितलं, की बघा, आम्ही कसे खेळलो. आणि ढाल पिशवीत! अख्खा वेळ पिशवीत! पपा रविवारी शेजारी बसून म्हणायचे, पोरं वाघ आहेत माझी. वाघ कसले, गाढवं!

निशिगंधा : कोणी हसत नाहीये. आणि गाढव तू तेव्हा नव्हतास. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आज माहितीये. डॉक्टरांनी सांगितलंय, बोर्ड द्यायला तयार आहे, पोरगी घ्यायला तयार आहे. तिच्या पिशवीत ढाल आहे, दादा, आणि तू बाप असून म्हणतोस घालायची नाही. का? तर मला फटके बसले, म्हणून हिला पण बसू देत?

नीरज : मी असं म्हटलं नाही.

निशिगंधा : महिनाभर दुसरं काय म्हणतोयस?

नीरज : इशू, तू मघाशी काय म्हणालीस? मेनू वाचत नाहीस?

इशिता : नाही.

नीरज : का?

इशिता : कितीदा सांगू? वाचायला गेलं की ओळी एकमेकींत घुसतात. मग मी मोजते. पहिली, दुसरी, तिसरी. मोबाईलवर पण तसंच करते. अपडेट येऊन काही हललं की माझी वाट लागते.

नीरज : आणि मराठीत?

इशिता : मराठीत पण. घ आणि ध. भ आणि म. परीक्षेत वेळ तिथेच जातो. उत्तर येत असतं मला, बाबा. प्रश्न संपत नाही.

नीरज : घ आणि ध.

निशिगंधा : दादा...

नीरज : थांब जरा. मी 'घर' लिहायचो आणि पपा म्हणायचे, हे धर आहे. परत लिही. मी परत लिहायचो. मला ते दोन्ही सारखेच दिसायचे निशू. अजून दिसतात. गोडाऊनमध्ये साडेचारशे खोके असतात, कुठला कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगतो, म्हणून साहेबांना वाटतं काय डोकं आहे याचं. खोक्यावर काय लिहिलंय ते मी कधी बघतच नाही.

निशिगंधा : मला ठाऊक होतं. तेव्हापासून. म्हणून तर म्हणाले होते, चित्र बघ.

नीरज : ती कॅसेट मला का आवडायची माहितीये? तिच्यातलं कोणालाच वाचता येत नव्हतं. तुला नाही, पपांना नाही, खालच्या मजल्यावरच्या त्या पहिल्या नंबरवाल्या ईश्वरला पण नाही. सगळे माझ्यासारखे झाले होते. आणि हा नवा आला, सगळं इंग्रजीत. पावलापावलावर पाटी. बोलतातच किती साले! मी कठीण मोड लावून नुसता पुढे पळत सुटतो. मला त्यातली गोष्टच माहीत नाही अजून. आणि ही इथे बसून आरामात ऐकत होती. हसत होती त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर. माझं डोकंच फिरलं.

इशिता : म्हणून पुसलंस?

नीरज : हो.

इशिता : माझा घोडा होता त्यात. नाव ठेवलं होतं मी त्याला. दुसऱ्या कोणी पुसलं असतं तर चाललं असतं.

नीरज : चुकलं माझं.

इशिता : मला नकोय तुझं सॉरी आत्ता. मला अजून राग आलाय.

नीरज : येऊ दे. आई आली की तिला पण येणार आहे. तो कागद आण टीव्हीखालचा.

इशिता : सही करणार?

नीरज : करतो. पण आधी त्यात काय लिहिलंय ते कळू दे. मी वाचलाच नाहीये तो. दोन आठवडे नुसता बघतोय.

निशिगंधा : आण इकडे, मी वाचते.

नीरज : तू नको. तू आतल्या खोलीत जाऊन नाक पूस. इशू, तू वाच. इथे माझ्याजवळ बस आणि वाच.

इशिता : बाबा, मला वेळ लागेल.

नीरज : लागू दे. मला पण लागतो.